सौंदर्यप्रसाधनांतील प्रोबायोटिक जिवाणू आणि पेटंटची तपासणी : अर्जाच्या दिवशी हाताशी काय असायला हवे?

रानजाई (धागालेखिका)

नमस्कार. गेल्या महिन्याभरात मला तिघांनी जवळपास सारखाच प्रश्न विचारला. एकीने नाचणीच्या आंबिलीतून लॅक्टिक आम्ल तयार करणारा जिवाणू वेगळा केला आहे आणि तो कोरड्या त्वचेसाठीच्या क्रीममध्ये घालायचा आहे. दुसऱ्यांना काखेतील घामाच्या वासावर उपयोगी पडेल असा जिवाणू मिळाला आहे. तिसऱ्यांचे काम हिरड्यांसाठीच्या पेस्टवर चालू आहे. तिघांनाही जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की या जिवाणूचे पेटंट मिळेल का. मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी असून बरीच वर्षे पेटंट एजंट म्हणून अर्ज लिहिण्याचे आणि तपासणी अहवालांना उत्तरे देण्याचे काम करते. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिलेले बरे, म्हणून हा धागा.

कायद्यातील दोन कलमे एकत्र वाचली नाहीत तर सुरुवातीलाच गफलत होते. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(जे) मध्ये वनस्पती आणि प्राणी पेटंटयोग्य नाहीत असे सांगताना सूक्ष्मजीवांचा अपवाद केलेला आहे. तो वाचून अर्जदार समजतो की जिवाणूला पेटंट मिळतेच. परंतु कलम ३(सी) नुसार निसर्गात आढळणारा कोणताही सजीव सापडणे हा पेटंटचा विषय होत नाही, आणि या कलमात सूक्ष्मजीवांना कोणतीही सवलत नाही. जे आधीच अस्तित्वात होते ते सापडणे आणि जे नव्हते ते घडवणे, या दोन्हींना मराठीत आपण ‘शोध’ हा एकच शब्द वापरतो. पेटंट कायदा मात्र या दोन गोष्टींत जो फरक करतो त्यावरच अशा अर्जाचे भवितव्य ठरते. म्हणून ‘आंबिलीतून विलग केलेला अमुक क्रमांकाचा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम’ एवढाच पहिला दावा (म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागतो ते वाक्य) असेल, तर पहिल्या तपासणी अहवालात ३(सी) ची हरकत येणार हे धरूनच चालावे. ‘विलग केलेला’ किंवा ‘जैविकदृष्ट्या शुद्ध’ असे शब्द पुढे जोडल्याने ती हरकत टळत नाही.

मग वाट कोणती उरते? जिवाणूच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल केला असेल आणि तो बदललेला जिवाणू निसर्गात आढळत नसेल, तर ३(सी) आड येत नाही. जिवाणू वाढवण्याची, सुकवण्याची किंवा त्याचा अर्क काढण्याची नवी प्रक्रिया असेल, तर प्रक्रियेचा दावा करता येतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००२ मध्ये डिमिनाको प्रकरणात कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरील लसीच्या संदर्भात हे स्पष्ट केले होते की, प्रक्रियेच्या शेवटी हाती येणारी वस्तू सजीव आहे एवढ्याच कारणाने त्या प्रक्रियेला पेटंट नाकारता येत नाही. प्रसाधनांच्या क्षेत्रात मात्र बहुतेक जण तिसरी वाट धरतात, ती म्हणजे जिवाणू आणि इतर घटक यांच्या मिश्रणाचा दावा. तिथे कलम ३(ई) उभे असते. घटकांचे गुण नुसते शेजारी शेजारी येऊन बसले असतील, तर ते मिश्रण पेटंटयोग्य नाही. जिवाणू एकटा किती काम करतो, त्याच्यासोबतचे ओटमधील बीटा-ग्लुकन एकटे किती करते आणि दोन्ही मिळून किती करतात, हे तीन रकान्यांचे कोष्टक परीक्षकाला हवे असते, आणि तिसऱ्या रकान्यातला आकडा पहिल्या दोहोंच्या बेरजेला स्पष्टपणे मागे टाकणारा असावा लागतो. ‘त्वचा मऊ झाल्याचे आढळले’ या वाक्याला तिथे किंमत नाही. त्वचेतून उडून जाणारे पाणी मोजले का, किती जणांवर मोजले, जिवाणू नसलेल्या त्याच क्रीमशी तुलना केली का, हे प्रश्न सुनावणीत येतातच.

‘हे क्रीम अमुक रीतीने लावून एक्झिमा बरा करण्याची पद्धत’ असा दावा कलम ३(आय) मुळे बाद होतो, कारण माणसांवरील उपचारपद्धतींना आपल्याकडे पेटंट नाही. परदेशी अर्जाची नक्कल करताना असे दावे हमखास आत राहून जातात.

आता ठेवीविषयी. जिवाणूचे वर्णन शब्दांत कितीही केले, तरी ते वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच जिवाणू तयार करता येत नाही. म्हणून कलम १०(४) प्रमाणे, तो जिवाणू लोकांना उपलब्ध नसेल, तर बुडापेस्ट कराराखाली मान्यता असलेल्या आंतरराष्ट्रीय ठेवसंस्थेत तो ठेवावा लागतो. भारत या करारात डिसेंबर २००१ मध्ये सामील झाला. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहाला २००२ मध्ये आणि आपल्या पुण्याच्या एमसीसी या संग्रहाला २०११ मध्ये ही मान्यता मिळाली. ठेव अर्जाच्या तारखेपर्यंत झालेली असावी लागते. तिचा उल्लेख विनिर्देशात (अर्जातील तपशीलवार वर्णनात) घालण्यासाठी अर्जापासून तीन महिने मिळतात. हे तीन महिने फक्त क्रमांक लिहिण्यासाठी असतात, जिवाणू नेऊन ठेवण्यासाठी नव्हे. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा एनसीआयएम हा जुना आणि नावाजलेला संग्रह आहे, पण तिथला क्रमांक म्हणजे बुडापेस्ट करारातील ठेव नव्हे. एका अर्जदाराने नेमके तेच केले होते. अहवालात हरकत आली तेव्हा अर्जाची तारीख उलटून दोन वर्षे झाली होती, आणि त्या दोन वर्षांवर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण या धाग्यावर मला जे सांगायचे आहे ते त्यात सगळे आले आहे. एका लहान उद्योगाचा अर्ज दुसऱ्या सल्लागाराने भरलेला होता आणि अहवाल आल्यावर तो माझ्याकडे आला. दावा होता ‘दर ग्रॅमला दहा कोटी जिवंत जिवाणू असलेले क्रीम’. उत्तर तयार करताना मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. एमआरएस आगर या, असे जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या बशा ओळीने मांडल्या होत्या. क्रीम बनवले त्या दिवसाच्या बशीवर पांढऱ्या, गुळगुळीत वसाहती इतक्या दाटल्या होत्या की मोजता येत नव्हत्या. तीन महिने कपाटात राहिलेल्या डब्यातील क्रीमची बशी जवळपास कोरी होती. क्रीममध्ये फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक होते आणि त्याने आपले काम चोख केले होते. तरीही मेलेल्या जिवाणूंच्या त्या क्रीमने त्वचेची ओल टिकून राहत होती, म्हणजे गुण पेशींच्या अर्काचा होता. मूळ विनिर्देशात अर्काविषयी एक ओळही नव्हती. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना मूळ लिखाणात नसलेला विषय आत आणता येत नाही, त्यामुळे ज्या गोष्टीला खरोखर अर्थ होता तिचा दावा करण्याची संधी त्यांच्या हातून गेली. अहवालाला उत्तर देण्यासाठी सहा महिने मिळतात, मुदतवाढ घेतली तर आणखी तीन. पण अर्जाच्या दिवशी जे लिहिले नाही ते या नऊ महिन्यांत निर्माण करता येत नाही.

प्राजक्त

रानजाईताई, धागा फार उपयोगी झाला आहे. मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून ओळख पटवण्याविषयी थोडी भर घालतो.

आमचे विद्यार्थी जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम काढतात आणि ‘नवा स्ट्रेन’ (जातीतला नवा वाण) ‘सापडला’ असे लिहितात. या जनुकावरून फार तर जाती कळते. त्यातही लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि तिच्या सख्ख्या शेजारच्या पेंटोसस व पॅराप्लांटारम या जातींत हे जनुक इतके सारखे असते की जातीचा निर्णयही त्यावर सोडता येत नाही. स्ट्रेन वेगळा आहे हे दाखवायचे तर संपूर्ण जनुकसंच वाचून जवळच्या ज्ञात स्ट्रेनशी तुलना करावी लागते, आणि केवळ क्रम वेगळा असून भागत नाही. त्या फरकामुळे वागणुकीत काय बदलले ते दाखवावे लागते. निदान एटीसीसी १४९१७ हा या जातीचा प्रमाण स्ट्रेन तरी शेजारी ठेवून सर्व प्रयोग करावेत.

दुसरा मुद्दा नावांचा. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या एका प्रजातीची पंचवीस प्रजातींत फेरमांडणी झाली आणि प्लांटारम ही जाती लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये गेली. मुरुमांशी जोडला जाणारा प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस त्याआधीच, २०१६ मध्ये, क्युटिबॅक्टेरियम झाला होता. पूर्वज्ञानाचा (आधी प्रसिद्ध झालेल्या माहितीचा) शोध नव्या नावाने घेतला तर २०२० पूर्वीचे सगळे साहित्य निसटते. अर्जदाराला ते दिसत नाही, परीक्षकाला मात्र सापडते.

तिसरे आणि सर्वांत कळकळीचे. विद्यार्थ्याचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढला की तो प्रकाशित झाला. त्यानंतर केलेल्या अर्जाचे नावीन्य मार्गदर्शकाच्या आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच लिखाणामुळे जाते. हे मी दोनदा पाहिले आहे. एकदा तर परीक्षकाने दाखवलेला संदर्भ म्हणजे त्याच मुलीच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण होते.

कृष्णाकाठ

ताई, आंबिलीचा प्रश्न विचारणारी मीच. सांगलीत माझा साबण आणि क्रीमचा छोटा व्यवसाय आहे आणि जिवाणू वेगळा करण्याचे काम माझ्या भाचीने तिच्या महाविद्यालयात केले. तुमचा क्रीमचा प्रसंग वाचून काळजात धस्स झाले, कारण आमच्याही क्रीममध्ये परिरक्षक आहे आणि तीन महिन्यांनंतरची मोजणी आम्ही केलेली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. क्रीममध्ये जिवंत जिवाणू ठेवणे मुळात शक्य आहे का, आणि नसेल तर आम्ही त्याला प्रोबायोटिक म्हणू शकतो का? आणि नमुना जत तालुक्यातील एका घरच्या आंबिलीतून घेतला आहे, तर त्यासाठी कुणाची परवानगी लागते का?

रानजाई

कृष्णाकाठताई, घाबरू नका. तुमचा अर्ज अजून भरलेला नाही, त्यामुळे दुरुस्तीला पूर्ण वाव आहे.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००१ च्या व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. पाणी असलेल्या क्रीममध्ये परिरक्षक घालावेच लागते आणि त्याला आपला जिवाणू आणि परका जिवाणू यांतला फरक कळत नाही. शिवाय प्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १७५१६ मध्ये, एकूण सूक्ष्मजीवांची मर्यादा दर ग्रॅमला एक हजार आहे; डोळ्यांभोवती लावायच्या आणि तीन वर्षांखालील मुलांच्या उत्पादनांसाठी ती शंभरच आहे. जिवंत ठेवायचे असतील तर पाणी नसलेले तेलाचे माध्यम, वापराच्या वेळी मिसळायची पूड किंवा थंड साखळी असे मार्ग आहेत, आणि अशा मार्गात तुम्ही काही नवे केले असेल तर दाव्यासाठी तीच चांगली जागा आहे. बाजारातील बहुतेक तथाकथित प्रोबायोटिक क्रीममध्ये पेशींचा अर्क किंवा आंबवणाचा गाळलेला द्रव असतो. विनिर्देशात जिवंत पेशी, उष्णतेने मारलेल्या पेशी, अर्क आणि गाळलेला द्रव या चारही रूपांची स्वतंत्र उदाहरणे आणि स्वतंत्र मोजमापे द्या. ‘प्रोबायोटिक’ हा एकच शब्द सगळीकडे वापरून ठेवला, तर परीक्षक त्याचा अर्थ ‘जिवंत’ असा घेईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

परवानगीविषयी. जैवविविधता कायदा, २००२ मधील जैविक संसाधनांच्या व्याख्येत सूक्ष्मजीव येतात. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्यावर तुमच्यासारख्या भारतीय अर्जदारांना पेटंट मंजूर होण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि उत्पादन बाजारात आणण्याच्या वेळी त्याच प्राधिकरणाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. परदेशी कंपन्यांना मात्र मंजुरीपूर्वीच मान्यता लागते. अर्जात नमुन्याचे मूळ आणि भौगोलिक स्थान लिहिणेही बंधनकारक आहे. ते लपवले किंवा चुकीचे लिहिले तर ते पुढे विरोधाचे आणि पेटंट रद्द होण्याचेही कारण होते.

इसारतीर

मी म्युनिकमध्ये याच क्षेत्रात काम करतो, म्हणून इकडचा अनुभव नोंदवतो. युरोपीय पेटंट कराराच्या नियम २७ प्रमाणे नैसर्गिक परिसरातून विलग केलेले जैविक द्रव्य, ते पूर्वी निसर्गात होते तरीही, पेटंटयोग्य ठरू शकते. म्हणजे भारतात ३(सी) वर अडलेला स्ट्रेनचा दावा इथे त्या मुद्द्यावर अडत नाही. सगळा भर नावीन्य आणि कल्पकता यांवर जातो. तिथे परीक्षकाचा ठरलेला युक्तिवाद असा असतो, की एका जातीचे आणखी काही स्ट्रेन चाळून त्यांतला बरा निवडणे हे नेहमीचे काम आहे. ‘अनपेक्षित’ गुण दाखवला नाही तर हा युक्तिवाद मोडत नाही.

याचे गाजलेले उदाहरण लॉरेआल या फ्रेंच प्रसाधन कंपनीचे आहे. व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस हा जिवाणू फ्रान्समधील ला रोश-पोझे येथील औष्णिक झऱ्याच्या पाण्यात वाढवून त्याचा अर्क त्यांनी अतिकोरड्या त्वचेच्या उत्पादनांत आणला. त्यांची पेटंट पाहिली तर दावे जिवाणूवर थांबत नाहीत. अर्क, वाढवण्याचे माध्यम, उपयोग असे एकामागून एक पुढे जातात. रानजाईताईंनी चार रूपांविषयी जे लिहिले त्याचा अर्थ तिथे प्रत्यक्ष दिसतो.

अमेरिकेत चित्र पुन्हा वेगळे आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या खनिज तेल पचवणाऱ्या स्यूडोमोनासला १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटयोग्य ठरवले, कारण तो जिवाणू तसा निसर्गात नव्हता. पण त्याच न्यायालयाने १९४८ मध्ये फंक ब्रदर्स खटल्यात, एकमेकांना मारक न ठरणारे नत्र स्थिर करणारे जिवाणू निवडून केलेले मिश्रण पेटंटयोग्य नाही असे म्हटले होते, आणि मानवी जनुकांच्या पेटंटवरील २०१३ च्या मिरियड निकालानंतर केवळ विलग करण्याला तिथे आधार उरलेला नाही. ‘आम्ही तीन स्ट्रेन एकत्र केले’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो १९४८ चा निकाल वाचावा, इतका तो आजच्या अर्जांना लागू पडतो.

पाणंद

माझा आक्षेप मुळाशी आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडतो. जतच्या ज्या घरातून आंबील आली, त्या घरातल्या बायकांनी ती विरजणाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ताक आणि आंबवलेले पीठ अंगाला लावण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. तिथून जिवाणू उचलून प्रयोगशाळेत नेला की तो एकाच्या मालकीचा कसा होतो?

रानजाई

पाणंदजी, तो जिवाणू मालकीचा होऊ नये यासाठीच ३(सी) आहे, आणि माझे अर्जदार त्या हरकतीने नाराज होत असले तरी मला ती योग्य वाटते. त्या घरात आंबील होत राहील, तिच्यात तोच जिवाणू वाढत राहील आणि कुणाच्याही पेटंटचा त्याच्याशी संबंध येणार नाही. पेटंट मागायचे ते त्या पलीकडे माणसाने जे केले त्याचे.

परंपरेविषयी कलम ३(पी) आहे. पारंपरिक ज्ञान किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या ज्ञात गुणांची बेरीज यांना पेटंट नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत सीएसआयआरने जुनी लेखी साधने पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्यात लेखी पुरावा कामी आला. म्हणून ताक अंगाला लावण्याच्या रीती ज्यांच्या घरच्या वह्यांत तारखेसह लिहिलेल्या आहेत, त्यांनी त्या जपाव्यात अशी माझी मनापासून विनंती आहे. असा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीपूर्वी, कोणतीही व्यक्ती कलम २५(१) खाली विरोध नोंदवू शकते. त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनी असावे लागत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे त्या घराला काय मिळावे, याचे उत्तर मात्र पेटंट कायद्यात नाही. लाभवाटपाची तरतूद जैवविविधता कायद्यात आहे आणि ती कागदावर राहते की त्या घरापर्यंत पोचते, हे पूर्वमान्यतेच्या अटी कशा लिहिल्या जातात यावर ठरते. इथे मी तुमच्याशी सहमत आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल भाचीशी बोलले. तिचा प्रबंध पुढच्या महिन्यात जमा व्हायचा होता. मार्गदर्शकांशी बोलून तो अर्ज होईपर्यंत थांबवण्याचे ठरले आहे. प्राजक्त सरांनी सांगितलेला प्रमाण स्ट्रेन मागवत आहोत. तीन महिन्यांच्या मोजणीसाठी क्रीमचे नवे डबे आज भरले, अर्धे परिरक्षक घालून आणि अर्धे तेलाच्या माध्यमात.

नमुना ज्या घरातून आणला त्या घरचे नाव, तारीख आणि मडक्याचे वर्णन भाचीच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. पाणंद यांचे लिखाण वाचल्यावर मी त्या काकूंना फोन करून आम्ही काय करत आहोत ते सांगितले. त्यांनी विचारले, की क्रीमसाठी त्यांचीच आंबील लागते की कुणाचीही चालेल. ताई, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अर्जापूर्वी शोधावे लागेल ना?

रानजाई

हो, आणि तो पहिल्या क्रमांकाचा प्रयोग करा. शेजारच्या दोन-चार घरांतील आंबिलीतून त्याच जातीचे स्ट्रेन वेगळे करून तुमच्या स्ट्रेनच्या शेजारी तपासा. सगळे सारखेच निघाले तर स्ट्रेनवर भर देणारा अर्ज करू नका, प्रक्रियेवर करा. वेगळे निघाले तर तेच कोष्टक विनिर्देशातील पहिले उदाहरण म्हणून जाईल. ठेव त्यानंतर, पण अर्जाच्या आधी.